मागून ११ केव्ही लाइन, कोपऱ्यात डीपी, आवारात ताण: बाग करायची तर कुठे काय लावायचं?

बांधावरची_तुळस, परभणी

नमस्कार मंडळी. वसमत रोडच्या बाजूला ४० बाय ६० फुटांचा प्लॉट आहे. घराच्या पुढे १५ फूट आणि मागे २० फूट मोकळी जागा. पाऊस पडायच्या आत खड्डे घेऊन ठेवायचे आहेत, पण विजेचं सामान चारी बाजूंनी आहे.

मागच्या कंपाउंडच्या आतून ११ केव्हीची उघडी लाइन जाते. तिची घराकडची तार भिंतीपासून साधारण ४ फूट आत येते. ईशान्य कोपऱ्यात भिंतीबाहेर डीपी (पोलवरचा ट्रान्सफॉर्मर) आहे आणि तिचा एक ताण, म्हणजे पोल कलू नये म्हणून जमिनीत बांधलेली तार, आमच्या आवारात उतरलाय. पुढे रस्त्यावरच्या पोलवरून सर्व्हिस वायर डाव्या अंगाने मीटरपेटीत येते. मीटरपासून मागच्या बोअरपर्यंत जमिनीखालून केबल आहे, पण ती नेमकी कुठून गेलीय ते कोणी लिहून ठेवलेलं नाही.

लावायचंय ते असं: केशर आंब्याची दोन झाडं, एक नारळ, एक शेवगा, मागच्या भिंतीला आडोसा म्हणून बांबू आणि ताणावर मधुमालती. माती काळी आहे म्हणून मागे दोन फूट मुरमाचा भराव टाकून वर पोयट्याची माती टाकायचा विचार आहे. बागेत दिवेही हवेत. यातलं काय चालेल, आणि खोदताना काय पाळायचं?

---

लाइनवरचा_माणूस, जालना

ताई, सगळ्यात आधी भराव थांबवा. झाडांचं नंतर बघू.

रस्ता सोडून इतर जागी ११ केव्हीपर्यंतच्या उघड्या तारेखाली किमान ४.६ मीटर मोकळं अंतर लागतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतला हा आकडा आहे. तो मोजायचा तारेच्या सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे दोन पोलांमधल्या झोळात. झोळ कायम सारखा नसतो. मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ वर गेला की तीच तार हिवाळ्यातल्या सकाळपेक्षा खाली लोंबते. समजा आज झोळात ५ मीटर अंतर आहे. दोन फूट म्हणजे ६० सेंटिमीटर भराव टाकला की उरले ४.४, आणि तुमच्या आवारातली लाइन नियमाबाहेर गेली. वरून हातात फावडं, खांद्यावर शिडी घेतलेला माणूसही तेवढाच वर आला.

उंची मोजायला टेप, काठी, पाइप, काहीही वर नेऊ नका. मोबाईलवर कोन दाखवणारं अ‍ॅप मिळतं. लाइनला काटकोनात राहून मागे सरकत जा आणि फोन डोळ्याशी धरून सगळ्यात खालची तार बरोबर ४५ अंशांवर दिसली की थांबा. तिथून तारेच्या थेट खालच्या बिंदूपर्यंत जमिनीवर अंतर मोजा आणि त्यात तुमच्या डोळ्यांची उंची, साधारण दीड मीटर, मिळवा. बेरीज म्हणजे तारेची उंची. जमीन सपाट असली पाहिजे. दुपारी तीनच्या सुमारास मोजा.

भराव करायचाच असेल तर तो घराच्या बाजूच्या आठ फुटांत करा आणि मागची १२ फुटांची पट्टी मूळ पातळीवर ठेवा. मधे दगडी कठडा घ्या. मात्र खालच्या पट्टीत पाणी साचू देऊ नका, नाली काढून ताणापासून दूर, उताराच्या बाजूला सोडा.

आता ताणाचं. जमिनीवर दिसते ती फक्त तार आणि सळई. तिच्या टोकाची पत्र्याची प्लेट साधारण दीड मीटर खोल असते आणि तिच्यावर, पोलच्या दिशेने, जी माती दबून बसलीय तिच्या वजनावर अख्खा ताण उभा असतो. म्हणून ताण आणि पोल यांच्या मधल्या जागेत खड्डा अजिबात नको, आणि सळईच्या चारी बाजूंनी दोन मीटर नको. तिथे ठिबकही नको. काळी माती भिजली की मऊ पडते, सळई सुतासुताने वर येते, पोल कलतो आणि झोळ वाढतो. भरावात सळईचं वरचं कडं गाडलं गेलं तर आणखी वाईट. ओलावा आणि हवा जिथे एकत्र मिळतात तिथे लोखंड सगळ्यात लवकर गंजतं, आणि गाडलेलं गंजलेलं कडं तपासणाऱ्याला दिसत नाही.

मधुमालती ताणावर नकोच. गुळवेल, कृष्णकमळ, दोडका, भोपळा, कुठलाच वेल नको. ताणाच्या तारेत मधे चिनीमातीची गुटी असते, जमिनीपासून किमान ३ मीटरवर. वर काही बिघाड होऊन ताणात वीज उतरली तर ती गुटीपाशी अडावी, खाली हाताला येऊ नये, यासाठी ती बसवतात. हिरवा, पावसात भिजलेला वेल त्या गुटीला वळसा घालून वर जातो. मग गुटी असून नसल्यासारखी. वेल तारेपर्यंत पोचला की फीडर (उपकेंद्रातून येणारी ११ केव्ही लाइन) ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, आणि ट्रिप नाही झाला तर खालचा ताण जिवंत राहतो, जे ट्रिपपेक्षा कितीतरी भयंकर आहे. कपडे वाळत घालायची तार, शेळी, सायकल, दिव्यांची माळ यांतलं काहीही ताणाला किंवा पोलला बांधू नका. ताणावर पिवळं प्लास्टिकचं पाइप बसवून घ्यायला महावितरणच्या सेक्शन ऑफिसला अर्ज द्या. ते लाइनमनचं काम आहे, आपण तारेला हात लावायचा नाही.

डीपीचं थोडक्यात, पण हे लक्षात ठेवाच. डीपीच्या आजूबाजूला जमिनीत तीन वेगवेगळी अर्थिंग असतात: न्यूट्रलचं, टाकीच्या बॉडीचं आणि लायटनिंग अरेस्टरचं. त्यांच्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाच्या) पट्ट्या किंवा तारा थोड्याच खोलीवर असतात आणि एखादी भिंतीखालून तुमच्या बाजूलाही आलेली असू शकते. त्या कोपऱ्यात गंजकी लोखंडी पट्टी लागली तर "जुनं भंगार" समजून उपटू नका. अरेस्टरचं अर्थिंग तुटलं तर रोहिणीच्या कडकडाटात पडलेली वीज जमिनीत जायच्या ऐवजी थेट ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीत जाते. न्यूट्रलचं तुटलं तर जमिनीशी झालेल्या फॉल्टमध्ये पुरेसा करंट वाहत नाही, फ्यूज जात नाही आणि लाइन जमिनीवर पडूनही जिवंत राहते. बॉडीचं तुटलं तर टाकीला आणि खालच्या अँगलला हात लावणारा गेला. पट्टी दिसली की माती परत लोटा आणि महावितरणच्या १९१२ या नंबरला कळवा.

त्या कोपऱ्यात वाळलेला पाला, उसाची चिपाडं, गव्हाचा भुसा अंथरू नका. डीओ फ्यूज (डीपीवरचे, उडाले की खाली लोंबणारे फ्यूज) उडताना ठिणग्या खाली पडतात, टाकीतून तेल झिरपत असेल तर तेही तिथेच, आणि एप्रिलमध्ये वाळलेलं आच्छादन म्हणजे नुसती काडी लावायची बाकी. भिंतीच्या आतल्या बाजूला कोपऱ्यातून दोन्हीकडे दहा फुटांपर्यंत तण काढून ४ इंच जाडीचा खडीचा थर द्या, २० मिमीची क्रशरची खडी. तण कमी येतं, आणि ओल्या मातीपेक्षा खडीवर उभ्या माणसाच्या पायातून कमी करंट वाहतो. उपकेंद्रांत खडी त्यासाठीच पसरलेली असते.

---

रोपवाटिका_लातूर

ताई, झाड लावताना हातातल्या पिशवीतलं रोप बघू नका, दहा वर्षांनंतरचा घेर बघा. आणि तारेपासून आजचं अंतर नको, वाऱ्यात हलणारी तार धरा. अवकाळीच्या वावटळीत तार मधल्या झोळात सगळ्यात जास्त झुलते, पोलजवळ कमी. म्हणून दोन पोलांच्या मध्यावर जास्तच जागा सोडायची.

माझा हिशोब साधा आहे: पूर्ण वाढलेल्या झाडाचा अर्धा घेर अधिक ३ मीटर, एवढं बुंध्यापासून सगळ्यात जवळच्या तारेपर्यंत आडवं अंतर. तुमच्याकडे तारेपासून घरापर्यंत १६ फूट, म्हणजे ४.९ मीटर आहेत. केशरची दरवर्षी छाटणी करून घेर ३ मीटरवर ठेवला तरी दीड अधिक तीन, साडेचार मीटर लागतात. बुंधा घराच्या भिंतीपासून सव्वा फुटावर येईल. म्हणजे मागे आंबा बसत नाही. एकच केशर लावा, पुढच्या उजव्या कोपऱ्यात, सर्व्हिस वायर डावीकडे आहे म्हणून. फळं उतरली की लगेच, जूनमध्ये, जमिनीवर उभं राहून छाटता येईल इतकाच वाढवा, ३ मीटरच्या आसपास.

नारळ सोडून द्या. झावळी चार-पाच मीटर लांब, वाळली की केव्हाही सुटते आणि झुलत जाऊन लाइनवर आडवी पडते. लाइनच्या दहा मीटरच्या आत नारळ नको, आणि तुमच्या प्लॉटवर मागे तेवढी जागा नाही. शिवाय परभणीच्या उन्हाळ्यात त्याला लागणारं पाणी दुसऱ्या चार झाडांना पुरेल.

शेवगा वर्षात तीन मीटरच्या वर जातो आणि त्याचं लाकूड ठिसूळ, फांदी सांध्यापासून मोडते. पण माझी खरी हरकत शेंगा काढण्याला आहे. लोखंडी पाइपला आकडी बांधून वर बघत शेंग ओढायची, आणि पाइपचं दुसरं टोक कुठे जातंय ते दिसत नाही. आंब्याच्या झेल्याचंही तेच. अ‍ॅल्युमिनियमचा लांबणारा दांडा हलका असतो म्हणून सगळे घेतात, लाइनच्या आवारात तो ठेवूच नका. वाळलेल्या लाकडाचा दांडा घ्या, तोही तारेखाली नाही. हिरवा बांबू किंवा ओला दांडा वीज वाहून नेतो.

बांबूला स्पष्ट नाही. दहा मीटरच्या वर सहज जातो, बेट वाऱ्यात एका बाजूला झोपतं, आणि कोंब पावसाळ्यात इतक्या झपाट्याने वाढतात की छाटायला माणूस मिळेपर्यंत तारेला टेकलेले असतात.

लाइनखालच्या पट्टीत सहा फुटांच्या आतलं लावा. ५ मीटरच्या तारेखाली दोन मीटरचं झाड ठेवलं तर तीन मीटर मोकळे राहतात. मोगरा, अबोली, तगर, अडुळसा, गवती चहा, कोरफड, तुळस, शेवंती, छाटून ठेवलेली जास्वंद. भाजीत वांगी, मिरची, टोमॅटो, पालेभाज्या. आडोशाला मेंदी किंवा कोयनेलचं कुंपण, भिंतीच्या उंचीवर, म्हणजे पाच फुटांवर कापत राहायचं. दोन्ही कमी पाण्यावर तग धरतात. लिंबू मात्र पट्टीबाहेर ठेवा, तीन-चार मीटर होतं आणि फळ काढायला काठी लागतेच.

मीटरपेटीसमोर तीन फूट जागा झाडांविना ठेवा, दार पूर्ण उघडलं पाहिजे. आग लागली तर मेन स्विचपर्यंत हात पोचायला जास्वंद बाजूला सारावी लागू नये.

---

गोदाकाठ_७२

बांबू लावायला काय हरकत आहे? आमच्या भागात फांदी तारेला लागली की वायरमन डीपीवरचे डीओ काढून देतो, तेवढ्यात छाटून घ्यायचं. दहा मिनिटांचं काम.

---

लाइनवरचा_माणूस, जालना

भाऊ, हे वाचून कोणी करायला जाईल म्हणून सविस्तर सांगतो. यात जीव जातो.

डीओ फ्यूज ट्रान्सफॉर्मर आणि ११ केव्ही लाइन यांच्या मधे असतात. ते काढले की ट्रान्सफॉर्मर बंद होतो आणि पुढची घरं अंधारात जातात. घरात लाइट गेली म्हणून माणसाला वाटतं सगळं बंद आहे. पण ताईंच्या बागेवरून गेलेली ११ केव्ही लाइन डीओच्या अलीकडची आहे, ती तशीच जिवंत असते. तिच्याजवळची फांदी छाटायची तर फीडर उपकेंद्रातून किंवा सेक्शनच्या स्विचवरून बंद करून, परमिट घेऊन, डिस्चार्ज रॉडने तार जमिनीला जोडून मगच. हे काम महावितरणच्या माणसांचंच.

खालच्या एलटी लाइनचंही (घरांना वीज देणारी कमी दाबाची लाइन) सोपं नाही. डीपी बंद असली तरी कोणाच्या घरातलं जनरेटर किंवा चुकीचं जोडलेलं इन्व्हर्टर लाइनवर उलटी वीज टाकू शकतं. म्हणून लाइनमन दोन्ही बाजूंनी तारा शॉर्ट करून जमिनीला बांधतो.

पावसाळ्याआधी एप्रिल-मेमध्ये महावितरणची फांद्या छाटायची मोहीम असते. मार्चअखेर सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या. झाड कोणतं, किती उंच, कोणत्या डीपीजवळ, पोल क्रमांक काय हे लिहा, पोच घ्या. शहरात झाड पूर्ण तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली नगरपालिका-महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी वेगळी लागते. आणि लाइन आधीची, झाड नंतरचं असेल तर विद्युत कायदा २००३ च्या कलम ६८ नुसार महावितरणच्या अर्जावर ते काढण्याचा आदेश निघू शकतो. भरपाईची तरतूद लाइनच्या आधीपासून उभ्या असलेल्या झाडाला आहे. बांबू आज लावला तर तो नंतरचाच.

---

बांधावरची_तुळस, परभणी

खूप आभार. भरावाचा विचार सोडला, नारळ-बांबू यादीतून काढले. आता बोअरची केबल कशी शोधायची? आणि दिवे साधे २३० व्होल्टचे लावू की १२ व्होल्टचे? दिव्यांचा एकूण भार ६० वॅट होईल, सगळ्यात लांबचा दिवा २० मीटरवर.

---

घरगुती_वायरिंग, छत्रपती संभाजीनगर

ताई, केबलची दोन टोकं तर माहीत आहेत: मीटरजवळ जिथून खाली जाते आणि बोअरच्या पॅनलपाशी जिथे वर येते. इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडे केबल लोकेटर असतो, तो भाड्याने आणून मार्ग चुन्याने आखून घ्या. केबल सरळ रेषेत गेलीय असं गृहीत धरू नका, बहुतेक वेळा ती पायाला वळसा घालून जाते. आखलेल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट यंत्राने खोदायचं नाही, आणि पहार-टिकावही नाही. टोकदार पहार आर्मरमधून, म्हणजे केबलवरच्या लोखंडी आवरणातून, थेट आत जाते. मेन बंद करून, लाकडी दांड्याच्या फावड्याने, बाजूने माती सरकवत जायचं. विटांची ओळ किंवा लाल पट्टी दिसली की खाली केबल आहे. पण घरगुती कामात विटा टाकलेल्या नसण्याचीच शक्यता जास्त, म्हणून विटा दिसल्या नाहीत म्हणजे केबल नाही असं समजू नका.

एलटी केबलला पाऊण मीटर खोली हवी. घरांत ती वीतभर खोलवर सापडते. तशी निघाली तर बाग करायच्या आधीच नवी टाका, नंतर लॉन उकरावं लागेल. चर ७५ सेंटिमीटर खोल, ३० रुंद. तळाला ८ सेंटिमीटर वाळू, त्यावर आर्मर्ड केबल, पुन्हा ८ सेंटिमीटर वाळू, त्यावर आडव्या विटा, मग माती, आणि पृष्ठभागाच्या फूटभर खाली लाल धोक्याची पट्टी. वाळू सोडू नका. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी फाटते आणि पावसात फुगते. ती केबलला धरून ओढते आणि ओढ जॉइंटवर येते. वाळूत केबल सरकू शकते. दोन्ही टोकांना मीटरभर जास्तीची केबल वळसा देऊन ठेवा. जमिनीत जॉइंट नकोच. गाडीच्या रस्त्याखालून न्यायची तर ५० मिमीच्या एचडीपीई पाइपमधून. आणि मार्गावर दर पाच मीटरला खुणेचा दगड, शिवाय कागदावर दोन भिंतींपासूनची मापं.

दिव्यांना कमी व्होल्टेजच, पण १२ नको, २४ घ्या. ६० वॅटला १२ व्होल्टवर ५ अँपिअर लागतात. १.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध मीटरला साधारण ०.०१२ ओहम. जाऊन-येऊन ४० मीटर म्हणजे ०.४८ ओहम, सगळा भार टोकाला धरला तर २.४ व्होल्ट वाटेतच गेले. १२ मधले २.४ म्हणजे वीस टक्के, शेवटचा दिवा मंद. २४ व्होल्टवर करंट निम्मा, घट १.२ व्होल्ट, पाच टक्के. तीच वायर चालते. दिव्यांचा ड्रायव्हर (२३० चे २४ व्होल्ट करणारी पेटी) घरात किंवा ओसरीत ठेवा, दिवे आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा), जमिनीत गाडायचे असतील तर आयपी ६७. ताणाच्या आणि डीपीच्या पट्टीत एकही दिवा नको.

बागेच्या सर्किटला वेगळा ६ अँपिअरचा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच). बोअरच्या मोटरला वेगळा. दोन्ही एकावर घेतले तर मोटरच्या गळतीने बाग अंधारात जाते आणि मग कोणीतरी आरसीसीबीच बायपास करतो. मोटरवर तो सारखा पडत असेल तर दोष आरसीसीबीचा नसतो, बहुतेक बोअरमध्ये सोडलेल्या केबलच्या जॉइंटचा असतो. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) तपासा, एक मेगाओहमच्या खाली आलं तर जॉइंट बदला. टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

घराचं अर्थिंगही लॉनखाली गाडून टाकू नका, चेंबरचं झाकण वर दिसलं पाहिजे. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली बसाल्टचा खडक. मे महिन्यात माती आकसून अर्थिंगच्या पाइपपासून सुटते, मधे फट पडते आणि पावसाळ्यात छान आलेलं रीडिंग तिप्पट-चौपट होतं. म्हणून अर्थ टेस्टर उन्हाळ्यातच लावा, ५ ओहमच्या आत हवं. पिटभोवती (अर्थिंगच्या खड्ड्यात) बेंटोनाइटचं, म्हणजे ओलावा धरणाऱ्या चिकणमातीचं, मिश्रण भरा, नुसतं मीठ पाण्यासोबत वाहून जातं आणि पाइप खातं. ठिबकची एक नळी, ताशी ४ लिटरची, पिटमध्ये सोडून ठेवली तर बागेबरोबर अर्थिंगलाही पाणी मिळतं.

---

लाइनवरचा_माणूस, जालना

मागच्या पट्टीत जेसीबी आणू नका, एवढं राहिलं होतं. मागचा हात उचलला की तो पाच मीटरच्या वर जातो, आणि चालकाचं लक्ष खाली बकेटकडे असतं. बोअरची गाडी तर त्या बाजूला उभीच करायची नाही. खड्डे मजुरांकडून हाताने घ्या, दीड-दोन फुटांचेच आहेत.

शेजारच्या प्लॉटवर यंत्र चालू असताना त्याचा हात तारेला टेकलाच, तर चालकाने आतच बसून राहायचं आणि बाकीच्यांनी दहा मीटर लांब थांबायचं. मदतीला धावत जाऊन यंत्राला हात लावणारा दुसरा बळी ठरतो. आग लागली म्हणून उतरावंच लागलं तर यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श न करता, दोन्ही पाय जोडून उडी मारायची आणि पाय जोडलेलेच ठेवून छोट्या उड्या मारत लांब जायचं. एक पाय पुढे, एक मागे पडला की दोन पायांमधल्या जमिनीच्या व्होल्टेजचा फरक शरीरातून जातो. १९१२ ला फोन लावताना डीपीवर रंगवलेला क्रमांक सांगा, फीडर लवकर बंद होतो. तो क्रमांक आजच लिहून मीटरपेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.